दिगूच्या पायाला न झेपलेला क्लच

दिगू, तुला क्लच दाबता येत नव्हता हे मला परवा कळलं. तू जाऊन बावीस दिवस झाल्यावर. तेही तुझ्या तोंडून नाही, वहिनींच्या तोंडून. तहसिलीतल्या कागदांसाठी त्या भावाला घेऊन सेलूला आल्या होत्या. गॅरेजच्या दारात उभ्या राहिल्या, आपल्या लाल गाडीकडे बघितलं आणि सहज बोलाव्यात तशा म्हणाल्या, "भावजी, लय जड केला हो तुमी तिचा क्लच. यांचा पाय पुरला न्हाई." मी स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, त्यांचं सगळं ऐकून घेतलं. त्या गेल्यावर शटर अर्धं खाली ओढलं आणि लेथजवळ बसून राहिलो. त्या दिवशी पुढे काही काम झालं नाही.

मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडलोय. तीन आठवडे झाले, रोज सकाळी एकटाच शटर उचलतो, एकटाच चहा पितो, कुणी तुझं नाव काढून हळहळलं की मान हलवतो. दुपारपर्यंत अंगात त्राण राहत नाही. लेथपुढे उभं राहिलं की पोटऱ्या भरून येतात. एवढा थकवा मला बाप गेला तेव्हाही आला नव्हता. त्यात परवापासून हे. तीस वर्षांची ओळख, पंधरा वर्षं एका पत्र्याखाली काम, आणि स्वतःच्या पायाचं तू मला सांगू शकला नाहीस? "उत्तम, मला झेपंना, दुसरा बसव," एवढंच तर म्हणायचं होतं. गिअरबॉक्स उतरवायला मला एक दिवस लागला असता. शिव्या दिल्या असत्या, ते खरंय. पण उतरवला असता.

वहिनी आणखीही बरंच बोलल्या. ते पुढे सांगतो. आधी माझं ऐकून घे, आता मध्ये तोंड घालायची तुझी सोय राहिलेली नाही.

आपण एका गावचे म्हणजे काय, तर आपली शाळा एक. तुझं घर वेशीच्या आत, पाराला लागून. आमची वस्ती बाहेर, ओढ्याच्या अंगाला. तुझ्या सायकलची चेन पडली की मी बसवायचो आणि बदल्यात तू मला डबलसीट न्यायचास. पाचवीपासून आपली दोस्ती ही अशी, काहीतरी बिघडलेलं मध्ये ठेवूनच. तुझ्या आईला ती आवडायची नाही, माझ्या बापाला तिची भीती वाटायची. आपल्याला दोघांच्याही तोंडाकडे बघायला वेळ नव्हता.

पुढे मी आयटीआय करून टर्नर झालो आणि त्याच सुमाराला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. आठ दिवसांत गावाचं वारं फिरलं. आमच्या वस्तीतली घरं जळाली, त्यात आमचंही होतं. त्या गर्दीत तुझे चुलते होते. तू नव्हतास, हे मी त्याही दिवशी बघून ठेवलं होतं. नंतर दुकानदार मीठ देईना, गिरणीवाल्याने दळण तसंच परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी भर सकाळी तू सायकलवर पिठाची पिशवी घेऊन वस्तीत आलास. पारावरून सगळे बघत होते. पिशवी माझ्या बापापुढे ठेवलीस आणि मान खाली घालून म्हणालास, "आबा, काही दिवस सेलूला जा. इथं माझं कुणी ऐकंना झालंय." आम्ही गेलो. ते काही दिवस अजून चालू आहेत.

वर्षभराने तू सेलूत पाथरी रस्त्याला ही जागा धरलीस, कुठूनसा जुना लेथ उचलून आणलास आणि मला म्हणालास, "मशीन तुझी. मी आपला पाने-पक्कड देत बसंन." तू गावाहून रोज मोटारसायकलवर यायचास. पहिल्याच दिवशी तू एक कायदा केलास. काम ज्याच्या हातात असेल त्याचा शब्द शेवटचा. दुसऱ्याने भांडायचं तेवढं भांडून घ्यावं, पण शेवटी ऐकावं. पहिली दोन वर्षं त्यातला भांडणाचा भाग आपण फार मनापासून पाळला. एकदा ट्रॅक्टरच्या एका बुशवरून तू एवढा ओरडलास की शेजारचा टायरवाला धावत आला. त्याला वाटलं जॅक सरकून कुणी तरी खाली सापडलं. ते दिवस मला आता सगळ्यात चांगले वाटतात.

मग माझा बाप गेला. भाड्याच्या खोलीत गेला. शेवटच्या महिन्यात रोज विचारायचा, ओढ्याला पाणी आलं का. मी रोज हो म्हणायचो, भर उन्हाळ्यात. त्यानंतर पंधरा दिवसांनी आपली कशावरून तरी जुंपली आणि मी बोलून गेलो, "तू जा म्हणालास म्हणून आलो. माझा बाप परक्याच्या खोलीत मेला." तुझ्या हातात कानस होती. तू ती खाली ठेवलीस, हात पुसलेस, बाहेर गेलास आणि दोन चहा घेऊन आलास. एक माझ्यापुढे ठेवलास. आपण दोघांनी तो प्यायला आणि पुन्हा कामाला लागलो.

त्या दिवसानंतर तू माझ्याशी भांडला नाहीस. हे माझ्या लक्षात यायला बारा-तेरा वर्षं लागली, म्हणजे परवापर्यंतचा काळ लागला. मला वाटत होतं तू वयाने निवळलास, लग्नाने शहाणा झालास. मी काहीही म्हटलं की "तुझं काम हाय, तू म्हणशील तसं." गिऱ्हाइकं म्हणायची, अशी भागीदारी जिल्ह्यात नाही. मीही छाती फुगवून ऐकायचो.

आता गाडीचं. जिनिंगवाल्या एका शेटच्या गोदामात कापसाच्या ढिगामागे ती कितीतरी वर्षं पडून होती. दोन दारांची, दोन माणसांची, बिनटपाची विलायती स्पोर्ट्स कार. शेटच्या मुलाने हौसेने आणली, मुलगा परदेशी गेला आणि उंदरांनी तिच्या गाद्यांत घरं केली. तू ती मागून घेतलीस. बैलगाडीला बांधून आणली तेव्हा अर्धं सेलू मागून चालत होतं. "हिचं टप कुठाय?" असं जो तो विचारत होता आणि तू गंभीर तोंड करून सांगत होतास, "धुवायला टाकलंय." सहा वर्षं आपण तिच्या मागे लागलो होतो. तिचं सामान मिळायचं नाही. जे मिळायचं नाही ते मी लेथवर करायचो. तिच्या पोटात आज जेवढे मूळचे भाग असतील, त्यांच्याहून जास्त माझ्या हातचे असतील. बाकीची कामं पोटासाठी होती. ही गाडी मात्र आपण नुसती मजेसाठी करत होतो. निदान मी तसंच समजत होतो.

मागच्या उन्हाळ्यात तिला घेऊन आपण चारठाण्याला गेलो. देवळं बघायची हे निमित्त. चढ लागला आणि क्लच घसरायला लागला. इंजिन कोकलतंय आणि गाडी जागची हलत नाही. जळका वास आला. शेवटी एका शेतकऱ्याने बैल जोडून दिले. दोघे जण विलायती गाडीत बसलेले आणि पुढे ढवळ्या-पवळ्या. फाट्यावरच्या हॉटेलातली माणसं बाकावर उभी राहून हसत होती. तूही हसत होतास, हात हलवून त्यांना रामराम करत होतास. मला मात्र ते फार लागलं. माझ्या हातचं काम रस्त्यात बसलं आणि लोकांनी बघितलं. त्याच दिवशी मी ठरवलं की यापुढे ही गाडी काही झालं तरी घसरता कामा नये.

उघडून बघितलं तर क्लच प्लेट संपलेली होतीच, पण मागचं फ्लायव्हीलही गेलेलं. इंजिनाच्या पाठीला बसवलेलं ते जड चाक. त्याच्या तोंडावर उष्णतेने बारीक तडे पडले होते आणि आधीच्या कुणी ते इतक्यांदा घासलं होतं की आता पुन्हा लेथवर धरण्याएवढं लोखंड उरलं नव्हतं. मूळ कंपनीचं काही मिळायची आशा नव्हती. बाहेरच्या कुणी बनवलेलं काही मिळतं का ते बघायला आपण हैदराबादला गेलो.

त्या जुन्या सामानाच्या बाजारात दाढीवाल्या दुकानदाराने आपल्यापुढे चटईवर दोन जोड मांडले. तुला आठवत असेल तो, सारखा पान लावत होता. "ये हल्का चक्का और सख्त प्लेट, दौड़वाले लोगां का," तो म्हणाला. "ये भारी चक्का और नरम प्लेट, घर-गिरस्तीवाले लोगां का. तुमकू कौनसा होना?"

मी हलकं चाक उचलून बघितलं. काय सुंदर काम होतं! हलकं चाक असलं की इंजिन पायाच्या इशाऱ्यावर उसळतं. कडक प्लेट असली की कितीही जोर लावा, घसरत नाही. फक्त पेडल जड लागतं आणि गाडी फार हळू चालवली तर आचके देते, बंदही पडते. भारी चाकाचं उलटं. ते दमाने फिरतं, गाडी माणसाच्या चालीने चालवा, कुरकुरत नाही. मी हे सगळं तुला समजावून सांगत होतो, जसं काही तुला माहीतच नव्हतं. तू भारी चाकावर हात ठेवून बसला होतास. दुकानदाराने विचारलं, "चलाता कौन?" मी म्हटलं, दोघंही. तो म्हणाला, "जिसकू चलाना है उसका पाँव देख के लेओ, साब." मी हसलो. तू तुझा डावा पाय बाकाखाली ओढून घेतलास. हे मला आज आठवतंय. त्या दिवशी मी फक्त ते हलकं चाक बघत होतो.

परत येताना पूर्णेला गाडी बदलायची होती आणि पुढची गाडी उशिरा होती. फलाटावर हलक्या चाकाचं पोतं आपल्या दोघांच्या मध्ये. घासाघीस करून मी तोच जोड घेतला होता. तिथे तू पुन्हा विषय काढलास.

"उत्तम, ते दुसरं घ्यायला पाहिजे होतं."

"कामून?"

"हळू जाईल अशी पाहिजे गाडी. एकदम हळू. माणूस बाजूनं चालला तरी मागं पडू नये इतकी."

"हळूच जायचंय तर बैलगाडी घे की. परवा बसला होतास ना मागं?"

तू हसलास. मग रुळांकडे बघत म्हणालास, "अरे, सगळीकडं पळतच जावं लागतं का?" मी तुला चढाची आठवण करून दिली. तो जळका वास, ते बैल, ती हसणारी माणसं. माझा आवाज चढला. मला भांडायचं होतं, दिगू. पोत्यावर हात आपटून तू म्हणायला पाहिजे होतंस की गाडी माझी आहे, मला चालवायची आहे, तुझी हौस गेली खड्ड्यात. मी गप बसलो असतो की नाही कुणास ठाऊक, पण ते भांडण झालं असतं. तू म्हणालास, "तुझं काम हाय. तू म्हणशील तसं." आणि भजी आणायला उठून गेलास.

मी तो जोड बसवला. बोल्टांची भोकं जुळत नव्हती ती जुळवली, चाकाचा तोल सुईवर साधला. आयुष्यात मी इतकं चांगलं काम केलेलं नाही. पहिली फेरी मी मारली आणि रवळगाव रस्त्याला तिला सोडली तेव्हा माझ्या तोंडातून शीळ निघाली. दुसरी फेरी तुझी. तू बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत गेलास, तीनदा बंद पाडलीस आणि घामाघूम होऊन परत आलास. "जनावर हाय जनावर," म्हणालास. "तूच चालव. मी बाजूला बसतो."

तेव्हापासून मीच चालवत होतो. रविवारी आपण निघालो की स्टिअरिंगवर मी आणि शेजारी तू. सेलूच्या बाजारपेठेतून जाताना लोक बघायचे. मला वाटायचं तू मला मान देतोयस. आणि खरं सांगतो, तो मान मला आवडत होता. मी एकदाही विचारलं नाही की ज्याने सहा वर्षं या गाडीपायी जीव टाकला, तो ती चालवत का नाही. विचारलं असतं तर कदाचित स्टिअरिंगवरचा हात सोडावा लागला असता.

तुला शुगर आहे हे मला माहीत होतं. चहा बिनसाखरेचा घ्यायचास आणि वर माझ्या कपातला एक घोट मारायचास. पण तिने पाय बधिर केल्याचं माहीत नव्हतं. डाव्या पायातली चप्पल दाराशीच निसटून राहायची आणि तू तसाच आत यायचास, तुला पत्ता नसायचा. मी ओरडायचो, "दिगू, चपला बाहेर काढून यायला हे काय देऊळ हाय का?" तू मागे वळून बघायचास आणि म्हणायचास, "तू बसलायस न्हवं आत." सगळं गॅरेज हसायचं. इतकं डोळ्यांसमोर होतं ते, आणि मी त्यावर विनोद करत होतो.

या जानेवारीत नामांतराचं जाहीर झालं. आमच्या गल्लीत मेणबत्त्या लागल्या, बायका नाचल्या, मी मात्र नेहमीसारखा दुसऱ्या दिवशी शटर उघडून बसलो होतो. तू पेढे घेऊन आलास आणि पुडा लेथवर ठेवलास.

"झालं बाबा एकदाचं."

"कुठं झालं? नामांतर मागितलं होतं, दिला विस्तार. जुनं ठेवून नवं चिकटवलं."

"आता तू त्यात बी खोट काढ. पेढा खा आधी."

मी पेढा खाल्ला. सोळा वर्षं लागली होती त्या पेढ्याला, आणि मला आनंद होण्याइतकी ताकद उरली नव्हती. एवढी माणसं गेली, एवढी घरं गेली, आणि शेवटी सगळं एका पाटीवर आलं. तू जाऊन गाडीत बसलास, स्टिअरिंगच्या मागे. इंजिन बंदच. मी लेथवरून बघत होतो. तू दोन्ही हातांनी चाक धरलंस आणि क्लच दाबलास. सोडलास, पुन्हा दाबलास. तुझं तोंड लाल झालं होतं.

"काय करायलास?"

"काय न्हाई. बघायलोय."

"तिला काय बघायचंय? चाल म्हणलं की चालती."

"हां," तू म्हणालास. मग उतरलास, उतरताना मांडी हाताने उचललीस, आणि गाडीच्या दारावर थोडा वेळ हात ठेवून उभा राहिलास. "पुढच्या महिन्यात बघू." मला वाटलं तू आणखी कुठल्या सहलीबद्दल बोलतोयस.

पुढचा महिना लागला आणि एका सकाळी अंघोळीला पाणी काढता काढता तुझ्या छातीत कळ आली. चाळिशी नुकती लागली होती तुला. निरोप आला तेव्हा मी तुझ्या मोटारसायकलसाठी बुश करत होतो. मी आलो, दिगू. पण वेशीतून नाही. कॅनॉलच्या रस्त्याने परस्पर तुझ्या शेतात आलो आणि लाकडं रचली होती तिथे लांब उभा राहिलो. तुझे चुलते होते. खूप म्हातारे झालेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि दोघांनीही माना फिरवल्या. तेराव्याला वहिनींचा खास निरोप होता, तरी आलो नाही. निघालो होतो, गावाच्या फाट्यापर्यंत आलो, आणि तिथल्या हॉटेलात चहा पिऊन परत फिरलो. पाय उचलेना. ही माझी लाजेची गोष्ट आहे, म्हणून सांगून टाकतोय.

आता वहिनी काय म्हणाल्या ते.

"दिवाळीपासून रोज सकाळी चहा झाला की खाटेवर बसायचे," त्या म्हणाल्या. "भिंतीला ज्वारीचं पोतं लावायचे अन् डाव्या पायानं रेटायचे. पोरी मोजायच्या. शंभर-शंभर डाव. मी म्हणलं, हे काय काढलंय नवीन? तर म्हणले, तालीम करायलोय. पायाला फोड आला तरी त्यांना कळला न्हाई. मी म्हणलं, भावजींना सांगा की, ते नरम करून देतील. तर म्हणले, त्याला एकदा गाव सोड म्हणलो. आता त्यानं जीव लावून बसवलेलं काढ म्हणायला माझी जीभ रेटत न्हाई."

मी विचारलं, "पण एवढं कशासाठी वहिनी? मी चालवत होतोच की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हे मला माहीत नाही याचंच त्यांना नवल वाटलं असावं. "तुमालाच आणायचं होतं न्हवं," त्या म्हणाल्या. "नामांतर झालं की तुमाला गाडीत बसवायचं अन् वेशीतून आपल्या घरी आणायचं. पारावरून, समद्यांच्या डोळ्यादेखत. लय हळू आणायचं म्हणले, कुणाला बघायचं राहू नये. मी म्हणलं, भावजीच चालवतील. तर म्हणले, पाव्हणा कुठं गाडी हाकत असतो का? मला पुरणाचं सांगून ठेवलं होतं. डाळ बी काढून ठेवली होती मी."

हे सगळं त्या उभ्या उभ्याच बोलल्या. रडल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "तुमी कवाबी या." 

तेव्हापासून मी हाच हिशेब लावतोय. गोदामातून ती गाडी तू मागून घेतलीस, ती काय तेव्हापासूनच मनात धरून? सहा वर्षं मी तिचे भाग घडवत होतो ते माझ्याच पंगतीसाठी? भारी चाक तुला हवं होतं कारण वेशीच्या चढावर, गुरांच्या मधून, माणसाच्या चालीने यायचं होतं. नरम प्लेट हवी होती कारण पाय गेला होता. तुझ्या दोन्ही मागण्या बरोबर होत्या आणि माझ्या हट्टाला एकच कारण होतं, की माझ्यावर कुणी हसू नये. आणि तू मला हे सांगितलं नाहीस. मी एकदा जे बोललो ते तू पोटात घेऊन बसलास आणि त्याची भरपाई म्हणून प्रत्येक गोष्टीत माझ्यापुढे हरत गेलास. कुणी सांगितली होती ही भरपाई? मला ती नको होती. माझ्याशी बरोबरीने भांडणारा गावातला एकच माणूस होता, दिगू, आणि माझं मन राखायच्या नादात तू तोही माझ्याकडून काढून घेतलास.

पण तुझ्यावर एवढंच टाकून मला सुटता येत नाही. तो शब्द माझा होता. मी तो कधीच परत घेतला नाही, कारण तो उपयोगाला येत होता. त्याच्या जोरावर मी तेरा वर्षं प्रत्येक वाद जिंकलो. आता घेतो परत. तू जा म्हणालास म्हणून माझा बाप मेला नाही. त्याचं घर ज्यांनी जाळलं त्यांच्यामुळे तो परक्या खोलीत गेला, आणि त्या आठवड्यात आमच्या चुलीपर्यंत पीठ घेऊन येणारा तू एकटा होतास. हे बापाला माहीत होतं. मलाही तेव्हापासून माहीत होतं. माहीत असून बोललो.

आज सकाळी मी गाडीखाली शिरलो होतो. क्लच काढावा म्हणून. दोन बोल्ट सैल केले आणि पडून राहिलो, वर तिच्या पोटाकडे बघत. आता कुणाच्या पायासाठी नरम करू? बोल्ट पुन्हा आवळले आणि बाहेर आलो. इतकं थकायला झालंय की रागसुद्धा धड टिकत नाही. थोडा वेळ येतो आणि मग नुसती तुझी आठवण राहते, पोत्याला लाथा मारणारी, शंभरपर्यंत मोजणाऱ्या पोरींच्या मधली.

एकच विचारायचं राहिलंय. गाडी कशाला पाहिजे होती रे? तू एकदा नुसतं म्हणाला असतास की उत्तम, घरी जेवायला चल, तर तुझ्याबरोबर मी सेलूपासून चालत आलो असतो.